शिट्टी का वाजली?

व्हॉलीबॉल बघताना गुण कोणाला गेला ते कळतं, का गेला ते कळत नाही. चेंडू जमिनीवर पडला की प्रश्न मिटतो. पण चेंडू हवेत आहे, खेळ रंगात आलाय आणि मध्येच शिट्टी वाजते. पंच एक हात लांब करतात, दोन बोटं दाखवतात किंवा बोट गोल फिरवतात, आणि एका बाजूची मुलं मुकाट्याने चेंडू पलीकडे देऊन टाकतात. माझी मुलगी शाळेच्या संघात गेली तेव्हा असे कितीतरी सामने मी बाकावर बसून बघितले. टाळ्या वाजवल्या, पाण्याच्या बाटल्या भरल्या. पण माझं काम हिशेबतपासणीचं. आकडा दिसला की त्यामागची नोंद शोधायची सवय लागलेली. फलकावरचा गुण कुठल्या नियमाने आला हे मला माहीत करून घ्यायचंच होतं. मुलीला विचारलं की ती म्हणायची, "आई, ते खेळताना समजतं."

आम्ही नागपुरात मानेवाड्याकडे राहतो. आमच्या ले-आउटमध्ये एक मोकळी जागा आहे. दिवाळी झाली की तिथे पोरं नेट बांधतात, आणि शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेले एक सर त्यांना संध्याकाळी शिकवतात. सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणतात. आम्ही काही जणींनी त्यांच्याकडे सकाळची वेळ मागितली. सर म्हणाले, "या ना ताई. पण आल्या आल्या बॉल नाही भेटणार. पयले मैदान आखा लागते."

तेव्हा मला ते थोडं अवघड वाटलं होतं. आज कोणी विचारलं की नियम कुठून शिकायला सुरुवात करावी, तर मी हेच सांगते : हातात फक्की घ्या आणि मैदान आखा. निम्मे नियम जमिनीवरच लिहिलेले आहेत.

मैदान १८ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद, म्हणजे नेटच्या दोन्ही बाजूंना ९ बाय ९ चे दोन चौरस. सरांनी टेप धरायला लावली, चार कोपऱ्यांवर खिळे ठोकले आणि मग एका चौरसाचा कर्ण मोजायला सांगितला. तो १२ मीटर ७३ सेंटिमीटर यायला हवा. तेवढा आला तरच कोन काटकोन आहे. आमचा पहिल्यांदा बारीकसा फरक आला, तर सरांनी खिळा उपटून सरकवला आणि पुन्हा मोजायला लावलं. नेटखालच्या मधल्या रेषेपासून ३ मीटरवर दोन्हीकडे एकेक रेषा. तिला अॅटॅक लाइन म्हणतात. तिच्यामुळे पुढचा पट्टा आणि मागचा पट्टा वेगळा होतो, आणि निम्म्या शिट्ट्या या रेषेवरून वाजतात हे पुढे कळलं. रेषेची जाडी ५ सेंटिमीटर. ती ९ मीटरच्या आत धरायची, बाहेर नाही. म्हणून चेंडू रेषेला नुसता चाटून गेला तरी तो आतच. दोरी कुठल्या बाजूने धरून फक्की सोडायची हे हाताने केल्यावर 'लाइनवर म्हणजे आत' हे पुन्हा पाठ करायची गरज पडली नाही.

नेटच्या उंचीसाठी सरांकडे एक बांबू आहे. त्यावर ऑइलपेंटच्या दोन रेघा : पांढरी २.२४ मीटरवर, ती महिलांची, लाल २.४३ मीटरवर, ती पुरुषांची. उंची नेटच्या मध्यावर मोजायची, कारण नेट मध्येच झोळ खातं. दोन्ही टोकांना, बाजूच्या रेषांवर, ती सारखी हवी आणि मधल्यापेक्षा दोन सेंटिमीटरहून जास्त नको. रोज सकाळी आम्ही नेट लाल रेघेवरून पांढरीवर उतरवायचो आणि संध्याकाळी पोरं ते परत चढवायची. बाजूच्या रेषांवर नेटला उभ्या काठ्या बांधतात, त्या अँटेना. प्रत्येकी १.८० मीटर लांब, त्यातला ८० सेंटिमीटरचा भाग नेटच्या वर. चेंडू त्या दोन काठ्यांच्या मधूनच पलीकडे जायला हवा. काठीला लागला तर आउट.

आखणी करतानाच सरांनी या खेळाचा जन्म सांगितला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात होलिओक नावाचं गाव आहे. तिथल्या वायएमसीएत विल्यम मॉर्गन शारीरिक शिक्षणाचे संचालक होते. शेजारच्या स्प्रिंगफील्डमध्ये १८९१ मध्येच बास्केटबॉल निघाला होता. पण कामधंदा करून संध्याकाळी येणाऱ्या मध्यमवयीन माणसांना ती धक्काबुक्की झेपत नव्हती. त्यांच्यासाठी मॉर्गननी १८९५ मध्ये हा खेळ बसवला : मध्ये जाळी, अंगाला अंग लागणार नाही, चेंडू हवेत ठेवायचा. सुरुवातीला एका बाजूने किती जणांनी खेळायचं आणि चेंडूला किती वेळा हात लावायचा यालाही बंधन नव्हतं. हे ऐकून आमच्यातल्या पन्नाशीच्या काकू म्हणाल्या, "म्हणजे हा आपलाच गेम आहे न सर?" सर म्हणाले, "तुमचाच होता. मग पोट्ट्यांनी नेला."

पहिले काही आठवडे फक्त अंडरहँड. दोन्ही हात पुढे, एका पंजावर दुसरा पंजा, अंगठे जोडलेले आणि खाली झुकवलेले, कोपर ताठ. चेंडू मनगटाच्या वर, दोन्ही हात मिळून जी सपाट जागा होते तिथे घ्यायचा. थंडीच्या सकाळी तिथे चेंडू बसला की कातडी लाल व्हायची आणि ऑफिसला जाईपर्यंत चुरचुरायची. चेंडूचं वजन २६० ते २८० ग्रॅम, घेर ६५ ते ६७ सेंटिमीटर. हातात धरला तर हलका वाटतो, पण वेगाने आला की तोच जड. सर सतत एकच सांगायचे, "त्याले मारू नका ताई. येऊ द्या. तुमी फक्त गुडघ्यातून उठा." हात हलवायचे नाहीत, पाय हलवायचे. चेंडूखाली आधी पोचायचं आणि नंतर हात जोडायचे.

मला ठामपणे वाटतं की शिकवताना स्मॅश, म्हणजे नेटवरून जोरात खाली मारायचा फटका, आधी दाखवू नये. सगळ्यांना तोच मारायचा असतो, आणि मैदानावर आल्या आल्या मुलं नेटजवळ उड्या मारायला लागतात. पण समोरून आलेली सर्व्हिस नीट उचलली गेली नाही तर स्मॅश मारायला चेंडू मिळतच नाही. तीन टचचा अर्थही इथेच उलगडतो. एका बाजूला चेंडूला जास्तीत जास्त तीन वेळा स्पर्श करता येतो : पहिला रिसीव्ह, दुसरा सेटरचा, म्हणजे मारण्यासाठी चेंडू वर देणाऱ्याचा, तिसरा मारणाऱ्याचा. चौथा झाला की पंच चार बोटं दाखवतात. एकाच खेळाडूला सलग दोनदा स्पर्श करता येत नाही, तो डबल, त्याला दोन बोटं. चेंडू हातात थांबला, उचलला गेला किंवा फेकला गेला तर तो होल्ड. त्यासाठी पंच तळहात वर करून हात सावकाश उचलतात. मला हे तिन्ही नियम वेगवेगळे लक्षात ठेवावे लागत होते. मग एका सकाळी सर म्हणाले, "या खेळात बॉल कोणाच्याच मालकीचा नाही. बस, एवढं समजून घ्या." इतर खेळांत चेंडू घेऊन धावता येतं, टप्पा देत नेता येतं, पायाखाली दाबता येतं. इथे धरायचा नाही, पुन्हा स्वतःच घ्यायचा नाही आणि फार वेळ आपल्या बाजूला ठेवायचा नाही. हे एकदा ध्यानात आल्यावर ते तिन्ही नियम माझ्यासाठी एकच झाले.

त्यातही बारकावा आहे. पहिल्या टचला पंच थोडी सवलत देतात. वेगाने आलेला चेंडू एकाच प्रयत्नात मनगटाला लागून दंडाला लागला तर तो डबल धरत नाहीत. चेंडू शरीराच्या कुठल्याही भागाला लागला तरी चालतो, अगदी पायालाही. आणि ब्लॉकचा स्पर्श तिघांत मोजतच नाहीत. नेटच्या वर हात नेऊन अडवलेला चेंडू आपल्याच बाजूला पडू लागला तर अजून तीन टच शिल्लक असतात, आणि ज्याने अडवला तोच पहिला टच घेऊ शकतो. बाकावरून बघताना मला इथे हमखास चार टच झाल्यासारखं वाटायचं.

फिंगरिंग, म्हणजे बोटांनी चेंडू वर देणं, शिकवायला सरांनी एका मुलीला बोलावलं. ती कॉलेजात आहे, संघात सेटर आहे आणि आम्हा सगळ्यांना काकू म्हणते. तिने माझे दोन्ही हात धरून कपाळाच्या वर आणले आणि बोटं पसरून ठेवली. दोन्ही अंगठे नाकाकडे वळलेले, त्यांच्यात आणि पहिल्या बोटांत त्रिकोणी खिडकी. "काकू, या खिडकीतून बॉल दिसला पाहिजे. दिसला म्हणजे तुम्ही खाली आहात. नाही दिसला तर पळा." चेंडू तळव्याला लागू द्यायचा नाही, दहाही बोटांच्या पेरांवर घ्यायचा, आणि घेतल्या घेतल्या मनगटं आणि गुडघे एकदम सरळ करायचे. दोन्ही हातांना तो एकाच क्षणी लागला तर चेंडू न फिरता वर जातो. एका हाताला आधी लागला तर तो गरगरत जातो, आणि पंचांचं लक्ष जातं. ती करायची तेव्हा काहीही आवाज यायचा नाही. आमच्या हातून थपथप आवाज यायचा. ती म्हणायची, "आवाज आला न, म्हणजे तळवा लागून राहिला." मी घरी भिंतीशी उभी राहून सराव करायचे, आवाज बंद होईपर्यंत.

सर्व्हिसचे नियम मला सोपे गेले. पंचांची शिट्टी झाल्यापासून ८ सेकंदांत चेंडू मारायचा. एकदाच वर उडवायचा. मारण्याच्या क्षणी पाय मागच्या रेषेवर किंवा आत नको. मारून झाल्यावर आत पडला तरी हरकत नाही. मागची रेषा पूर्ण ९ मीटर मोकळी असते, कुठूनही मारा. आणि सर्व्हिसचा चेंडू नेटला लागून पलीकडे पडला तर खेळ चालूच राहतो. सरांच्या खेळण्याच्या काळात असा चेंडू फुकट जायचा. आता नवीन मुलांना तर पूर्वी तसं होतं हे सांगूनही खरं वाटत नाही.

गुणांचंही तसंच. पूर्वी ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण मिळायचा. दुसऱ्या बाजूने रॅली, म्हणजे सर्व्हिसपासून शिट्टीपर्यंतचा खेळ, जिंकली तर तिला फक्त सर्व्हिस मिळायची. सेट १५ गुणांचा, पण सामना किती वेळ चालेल याचा काही भरवसा नाही. आंतरराष्ट्रीय महासंघाने १९९८ मध्ये ठरवलं की प्रत्येक रॅलीला गुण द्यायचा. आता सेट २५ गुणांचा, पाचवा निर्णायक सेट १५ चा, आणि जिंकायला दोन गुणांचा फरक हवाच. २४-२४ झालं की फरक पडेपर्यंत खेळत राहायचं, वरची मर्यादा नाही. निर्णायक सेटमध्ये एका बाजूचे ८ झाले की बाजू बदलतात.

वेगळ्या रंगाचा शर्ट घातलेली खेळाडू कोण, हेही मला बरेच दिवस कोडंच होतं. ती लिबेरो. ही जागासुद्धा १९९८ मध्येच आली. ती फक्त मागच्या रांगेत खेळते, ब्लॉक करत नाही, आणि नेटच्या कडेहून उंच असलेला चेंडू मारत नाही. अॅटॅक लाइनच्या पुढे येऊन तिने बोटांनी चेंडू वर दिला तर तो नेटवरून स्मॅश करता येत नाही. मनगटाने दिला तर करता येतो. तिची अदलाबदल संघाच्या सहा बदल्यांत मोजत नाहीत. आमच्या गटात बुटक्या आणि चपळ बायका जास्त, त्यामुळे लिबेरो व्हायला सगळ्याच तयार होत्या.

आता रोटेशन. या एका गोष्टीसाठीच मला हे सगळं लिहायचं होतं.

सरांनी आम्हाला चपला काढायला लावल्या. एकेकीची एकेक, अशा सहा चपला त्यांनी मातीत मांडल्या. नेटकडे तोंड करून उभं राहिलं की मागचा उजवा कोपरा ही एक नंबरची जागा, सर्व्हिसची. तिच्या पुढे नेटजवळ दोन, मध्ये तीन, डावीकडे चार, चारच्या मागे पाच आणि मागे मध्यावर सहा. दोन-तीन-चार ही पुढची रांग, एक-सहा-पाच ही मागची. समोरच्याकडून सर्व्हिस जिंकून घेतली की सगळ्यांनी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे एक जागा सरकायचं : दोनची खेळाडू एकवर येते आणि सर्व्हिस करते. आपणच सर्व्हिस करत असताना गुण मिळत राहिले तर सरकायचं नाही, तीच सर्व्हिस करत राहते. सरांनी चपला सरकवत सरकवत पूर्ण फेरी करून दाखवली. माझी निळी चप्पल नेटजवळून निघून कोपऱ्यात गेली, मागून फिरत डावीकडे आली आणि परत नेटवर पोचली.

इथपर्यंत सोपं आहे. अडतं ते पुढे. कारण सामन्यात खेळाडू अशा चौकोनात उभ्या दिसतच नाहीत. सर्व्हिस घ्यायला तिघी-चौघी मागे पसरलेल्या, एक नेटला चिकटलेली, एक तिच्या पाठीशी दडल्यासारखी. मी मुलीचे सामने बघताना मला वाटायचं की या आपापल्या सोयीने उभ्या राहतात. नियम असा आहे की समोरून सर्व्हिस मारली जाते त्या क्षणी सर्व्हिस घेणाऱ्या बाजूचा क्रम मोडलेला नसावा. आणि क्रम म्हणजे फक्त शेजारणींशी असलेलं नातं. एक ही दोनच्या मागे हवी, सहा ही तीनच्या, पाच ही चारच्या. आडव्या दिशेत तीन ही चार आणि दोनच्या मध्ये, सहा ही पाच आणि एकच्या मध्ये. बस. तीन आणि एक यांचा आपसात काही संबंध नाही, चार आणि सहा यांचाही नाही. म्हणून सहा नंबरची खूप मागे असेल तर तीन नंबरची तिच्या थोडी पुढे, म्हणजे एकच्याही मागे, उभी राहू शकते. हे पायांवरून बघतात, डोकं किंवा हात कुठे आहे त्यावरून नाही. एकदा सर्व्हिसचा हात चेंडूला लागला की सगळ्या मोकळ्या, कुठेही पळा.

हे कळल्यावर मैदान एकदम वेगळं दिसायला लागलं. सेटर एक नंबरच्या जागी असेल तर तिला नेटजवळ पोचायचं असतं, पण सर्व्हिस होईपर्यंत दोनच्या पुढे जाता येत नाही. म्हणून दोनची नेटला चिकटते आणि सेटर तिच्या पाठीशी उभी राहते. सर्व्हिस झाली की दोन पावलांत ती जागेवर. पाच नंबरला असेल तर चारची पुढे सरकते आणि सेटर तिच्या मागून निघते, पण सहाच्या डावीकडेच राहून. बाकावरून जे सोयीने उभं राहणं वाटलं होतं, ते नियमाच्या काठाकाठाने आखलेलं होतं. सरांनी चपला परत मांडल्या आणि सेटरची चप्पल प्रत्येक जागी ठेवून आम्हाला विचारलं, आता बाकीच्या कुठे? आम्ही उन्हं अंगावर येईपर्यंत त्या चपलांभोवती उभ्या होतो. कोणालाही चेंडू हवा नव्हता.

मागच्या रांगेवर आणखी एक बंधन आहे. मागच्या खेळाडूने अॅटॅक लाइनच्या मागून उडी घेतली तर ती नेटवरून हवा तसा स्मॅश मारू शकते, खाली येताना पुढे पडली तरी चालतं. पण पुढच्या पट्ट्यात पाय ठेवून नेटच्या वर पूर्ण असलेला चेंडू तिने पलीकडे मारला तर चूक. ब्लॉकही तिने करायचा नाही. म्हणजे उंच खेळाडूला अर्धा वेळ आपली उंची बाजूला ठेवून खाली वाकावं लागतं, आणि बुटकीला अर्धा वेळ नेटवर उभं राहावं लागतं.

म्हणून ले-आउटमधली पोरं संध्याकाळी 'मजेत' खेळताना रोटेशन सोडून देतात ते मला खटकतं. उंच पोरगा कायम नेटवर, बारीक पोरगा कायम मागे चेंडू आणायला. त्याला सर्व्हिससुद्धा मिळत नाही, कारण सर्व्हिस जो चांगली मारतो तोच मारतो. तशा खेळात तो बारीक पोरगा चार वर्षं खेळला तरी नेटवर काय करायचं हे त्याला कळणार नाही. रोटेशन सगळ्यांना सगळीकडे उभं करतं. पन्नाशीच्या काकूंना पहिल्यांदा नेटवर तीन नंबरला जावं लागलं तेव्हा त्या कचरल्या होत्या. सर म्हणाले, "काकू, नियम आहे. तुमची बारी आली म्हणजे आली." महिन्याभरात त्या समोरच्या सेटरचे हात बघून चेंडू कुठे जाणार ते आम्हाला ओरडून सांगायला लागल्या. ही नजर त्यांच्याकडे होती हे मागे उभं राहून कोणालाच कळलं नसतं, त्यांनाही नाही.

मार्चनंतर नागपुरात सकाळी सातलाच डोळ्यांवर ऊन येतं, आणि मे महिन्यात तर दिवसा बाहेर निघायची सोय नसते. त्या दिवसांत आम्ही रिंग रोडने मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात जायचो, तिथल्या इनडोअर हॉलमध्ये मुलामुलींचे सामने असले की बघायला. सरांनी काम नेमून दिलं होतं : चेंडूकडे बघायचं नाही, पंचांकडे बघायचं. तेव्हा कळलं की इशाऱ्यांनाही क्रम असतो. मुख्य पंच शिट्टी वाजवतात, आधी पुढची सर्व्हिस कोणाची ती बाजू हाताने दाखवतात, मग चूक कोणती ते, आणि गरज असेल तर कोणाची. चेंडू आत असेल तर हात जमिनीकडे. बाहेर असेल तर दोन्ही हात कोपरात वाकवून उभे, तळवे आपल्याकडे. कोणाला लागून बाहेर गेला असेल तर एका पंजाची उभी बोटं दुसऱ्या तळव्याने झटकतात. हा शेवटचा इशारा मला फार आवडतो, कारण तो प्रेक्षकांना न दिसलेली गोष्ट सांगतो : ब्लॉकच्या बोटाला ओझरता लागलेला चेंडू. बोट गोल फिरवलं की रोटेशनची चूक. दोन्ही अंगठे वर म्हणजे दोघांचीही चूक, रॅली पुन्हा.

परतीच्या वाटेवर सर जिमी जॉर्जबद्दल बोलायचे. केरळचा हा खेळाडू इटलीत व्यावसायिक संघांकडून खेळला, १९८६ च्या सोल आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात होता, आणि पुढच्याच वर्षी इटलीत मोटार अपघातात गेला. त्याआधी १९६२ ला जकार्तात भारताला रौप्य मिळालं होतं. सर सांगायचे तेव्हा गाडीत मुलीही असायच्या, आणि त्यांनी ही नावं पहिल्यांदाच ऐकलेली असायची.

हिशेब माझा विषय, म्हणून सरांनी मला गुणतक्ता शिकवला. प्रत्येक सेटच्या आधी संघ आपल्या सहा जणांचे शर्टावरचे नंबर जागेनुसार लिहून देतो. तक्त्यावर त्या जागा रोमन आकड्यांत छापलेल्या असतात, एक ते सहा. तो क्रम पूर्ण सेट बदलत नाही, फक्त फिरतो. बदली आली तर ती बाहेर गेलेल्याच्याच जागेवर येते. कोणाच्या सर्व्हिसवर संघाचे किती गुण झाले हे त्याच्या रकान्यात लिहायचं. त्यामुळे पुढची सर्व्हिस कोणाची, हे तक्ता बघणाऱ्याला नेहमी माहीत असतं. आणि चुकीचा खेळाडू सर्व्हिसला उभा राहिला तर गुणलेखकाने आधी बोलायचं नाही. हे मला सुरुवातीला कठोर वाटलं. सरांना म्हटलं, दिसतंय तर सांगू नये का? ते म्हणाले, "क्रम सांभाळणं संघाचं काम आहे. तुमचं काम नोंद सांभाळायचं." चेंडूला हात लागला की लगेच सांगायचं. उशिरा ध्यानात आलं तर चुकीच्या क्रमात त्या संघाने मिळवलेले गुण खोडावे लागतात, समोरच्याचे मात्र तसेच राहतात.

एप्रिलमध्ये आमच्या मैदानावर शेजारच्या ले-आउटच्या मुलांशी रात्रीचे सामने झाले. सर मुख्य पंच, मी टेबलवर. दुसऱ्या सेटमध्ये पाहुण्यांनी सर्व्हिस परत मिळवली आणि त्यांचा सात नंबर चेंडू घेऊन मागे गेला. तक्त्यात चार नंबर होता. मी पेन धरून बसले. त्याने चेंडू मारला आणि मी हात वर करून घंटी वाजवली. सरांनी शिट्टी दिली, आमच्या बाजूला हात केला आणि बोट गोल फिरवलं.

पाहुण्यांची पोरं चिडली. सगळेच पुढे यायला लागले, तर सरांनी फक्त कर्णधाराला जवळ घेतलं; नियमाने निर्णयाचं कारण विचारायचा अधिकार त्यालाच. कर्णधार म्हणजे तो चार नंबरच होता. सरांनी त्याला माझ्याकडे पाठवलं. मी त्याच्यासमोर तक्ता फिरवला आणि त्यांनी लिहून दिलेली चिठ्ठी बाजूला ठेवली. त्याने एकेक रकान्यावर बोट ठेवत मनातल्या मनात फेरी मोजली. "हो ताई, माझीच बारी होती," म्हणाला, आणि परत जाऊन आपल्या पोरांना हात करून जागेवर उभं केलं. तिसऱ्या सेटमध्ये २२-२१ असताना, चेंडू त्यांच्याकडे गेल्यावर, सर्व्हिसच्या आधी तो स्वतःच सरांकडे गेला आणि जागा तपासून मागितल्या. कर्णधाराला तेही विचारता येतं. सरांनी माझ्याकडे बघितलं. मी तक्त्यावरून सहाही नंबर क्रमाने वाचून दाखवले, दोन जणांनी आपसात जागा बदलल्या, आणि खेळ पुढे सुरू झाला.